दोन वाटा, एक प्रवास

प्रस्तावना

विवाहानंतर नवदांपत्याने प्रवासाला जावे, ही कल्पना आज आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. आगगाडीचे आरक्षण करावे, सामान बांधावे आणि निघावे. वाटेत काही अडचण आली, तर दूरध्वनी हाताशी असतोच. परंतु ज्या काळी निरोप पोहोचण्यास महिने लागत आणि वाटेवर कोणत्या सेनानायकाचे सैन्य भेटेल हे कोणालाच सांगता येत नसे, त्या काळी असा प्रवास कसा होत असेल?

1926 साली पेकिंग (आजचे बीजिंग) येथे विवाहबद्ध झालेल्या ओवेन आणि एलिनॉर लॅटिमोर या अमेरिकन दांपत्याने असाच एक प्रवास केला. चीनच्या उत्तर सीमेवर सुरू झालेला हा प्रवास आशिया खंडाचे अंतरंग ओलांडून लडाखमार्गे भारतात संपला. विशेष म्हणजे, त्याचा पहिला मोठा टप्पा पती-पत्नींनी एकत्र केलाच नाही. दोघे दोन वेगळ्या वाटांनी निघाले. असे का झाले? ते पुन्हा कोठे भेटले? आणि या प्रवासातून त्यांच्या हाती काय लागले? हे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही

• उंटांच्या काफिल्यांचा व्यापार कसा चालत असे, हे सांगू शकाल;
• राजकीय सीमा आणि युद्धे यांचा सामान्य प्रवाशावर होणारा परिणाम स्पष्ट करू शकाल;
• लडाख आणि मध्य आशिया यांच्यातील जुन्या संबंधांची माहिती देऊ शकाल;
• प्रवासात भाषेचे आणि माणसांवरील विश्वासाचे महत्त्व विशद करू शकाल.

परक्या देशात वाढलेला तरुण

ओवेन लॅटिमोर यांचा जन्म 1900 साली अमेरिकेत झाला. परंतु ते वर्षाचेही नसताना आईवडिलांनी त्यांना चीनमध्ये नेले. त्यांचे वडील तेथे अध्यापन करीत असत. ओवेन यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. बाराव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी युरोपात पाठविण्यात आले. शाळा पूर्ण झाली. पण विद्यापीठात जाण्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. 1919 साली ते चीनला परतले आणि नोकरी करू लागले. थोडा काळ त्यांनी वृत्तपत्रात काम केले, नंतर तियानजिन येथील एका व्यापारी पेढीत ते रुजू झाले. चिनी भाषा ते नीट शिकले, ती या नोकरीच्या काळात. बाजारातील माणसांशी बोलत, हिशेब करीत, तडजोडी घडवून आणीत त्यांनी ती आत्मसात केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ओवेन यांनी विद्यापीठाची पदवी कधीच मिळविली नाही. तरीही पुढे ते मध्य आशियाच्या इतिहासाचे जगन्मान्य अभ्यासक झाले आणि विद्यापीठात प्राध्यापकही झाले. त्यांच्या या अभ्यासाचा पाया ज्या प्रवासाने घातला, त्याचीच ही हकिकत आहे.

लोकर, उंट आणि आगगाडी

त्या काळी तियानजिन हे लोकरीच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. मंगोलिया आणि शिनच्यांग या दूरच्या प्रदेशांतून जाडीभरडी लोकर तेथे येई आणि जहाजांनी अमेरिकेला जाई. तिच्यापासून गालिचे विणले जात. ही लोकर ग्वेइह्वा (आजचे होहोत) या गावापर्यंत उंटांच्या पाठीवरून येई. तेथून पुढे आगगाडी होती.

1925 साली वाटेत अडकून पडलेला लोकरीचा माल सोडवून आणण्यासाठी पेढीने ओवेन यांना ग्वेइह्वा येथे पाठविले. चीनमध्ये त्या वेळी निरनिराळ्या सेनानायकांची आपापसांत युद्धे चालू होती. आगगाडीचे डबे सैन्याच्या कामी लागत आणि व्यापाऱ्यांचा माल स्थानकावर पडून राही. ग्वेइह्वाच्या स्थानकावर ओवेन यांनी एक दृश्य पाहिले. एका बाजूला उंट गुडघे टेकून बसत होते आणि त्यांच्या पाठीवरचे गठ्ठे उतरवले जात होते. दुसऱ्या बाजूला तेच गठ्ठे मालगाडीच्या डब्यांत चढवले जात होते. मध्ये काही पावलांचे अंतर होते. हे उंट कोठून येतात, त्यांना हाकणारी माणसे कोण, ती वाट कशी आहे, हे प्रश्न ओवेन यांच्या मनात घर करून राहिले. आपण ज्या मालाचा व्यापार करतो, त्याची वाट आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या वाटेने जाण्यासाठी त्यांनी नोकरी सोडण्याचे ठरविले.

याच सुमारास पेकिंगमध्ये त्यांची एलिनॉर होलगेट यांच्याशी ओळख झाली. एलिनॉर या अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या. पेकिंगमधील कलेच्या इतिहासाविषयीच्या एका संस्थेत त्या चिटणीस म्हणून काम करीत होत्या. ओवेन यांच्यापेक्षा त्या पाच वर्षांनी मोठ्या होत्या. मार्च 1926 मध्ये दोघांचा विवाह झाला आणि हा प्रवास दोघांचा झाला.

दोघांनी वेगळे का जावे?

ग्वेइह्वापासून शिनच्यांगकडे जाणाऱ्या वाटा पूर्वी अनेक होत्या. त्यांपैकी सर्वांत सोयीची, भरपूर चाऱ्याची वाट बाह्य मंगोलियातून जात असे. परंतु बाह्य मंगोलिया चीनपासून वेगळा झाला, 1924 साली तेथे लोकप्रजासत्ताक स्थापन झाले आणि चिनी काफिल्यांना ती वाट बंद झाली. दक्षिणेकडील कान्सू प्रांतातून जाणारी वाट उघडी होती. पण तेथे सैनिकांची जुलूमजबरदस्ती आणि जागोजागचे कर यांमुळे व्यापारी हैराण होत. म्हणून काफिल्यांनी या दोहोंच्या मधून, निर्जल वाळवंटाच्या कडेकडेने जाणारी एक आडवळणाची वाट शोधून काढली. वाट अशी अवघड असण्याचे कारण निसर्ग हे तर होतेच. पण त्याहूनही अधिक माणसांनी आखलेल्या सीमा आणि माणसांनीच पेटविलेली युद्धे हे होते.

या वाटेवर चार-पाच महिने काढावे लागणार होते. सैनिक कधी उंट जप्त करतील, याचा नेम नव्हता. अशा काफिल्याबरोबर दोघांनी जाणे धोक्याचे वाटले. तेव्हा असे ठरले, की ओवेन यांनी काफिल्याबरोबर पुढे जावे, एलिनॉर यांनी पेकिंगमध्ये थांबावे आणि ते शिनच्यांगमध्ये सुखरूप पोहोचल्याचा निरोप आला, की त्यांनी सायबेरियातून आगगाडीने निघावे. विवाहाला सहा महिनेही झाले नव्हते, तोच 1926 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस दोघे एकमेकांपासून दूर झाले.

काफिला कसा चाले?

मध्य आशियातील उंट राजस्थानातील उंटांहून वेगळा असतो. त्याच्या पाठीवर दोन वशिंडे असतात आणि हिवाळ्यात अंगावर दाट केस येतात. उन्हाळ्यात हे केस गळतात, उंट अशक्त होतो आणि त्याला चरण्यासाठी मोकळे सोडावे लागते. शरद ऋतूपर्यंत वशिंडांत चरबी साठते आणि तो पुन्हा कामाला योग्य होतो. म्हणून काफिल्याचा खरा हंगाम शरद आणि हिवाळा हाच असे. कडाक्याची थंडी माणसाला नकोशी वाटली, तरी उंटाला तीच मानवते.

एका माणसाकडे अठरापर्यंत उंटांची एक रांग असे. प्रत्येक उंटाच्या नाकातील वेसणीची दोरी पुढच्या उंटाला बांधलेली असे. शेवटच्या उंटाच्या गळ्यात घंटा असे. अंधारात पुढे चालणाऱ्या माणसाला मागचे काही दिसत नसे. पण घंटेचा आवाज ऐकू येत असला, की रांग अखंड आहे हे त्याला समजे. आवाज थांबला, की दोरी तुटली असे समजून तो मागे फिरे. दिवसाउजेडी उंटांना चरू द्यावे, दुपारनंतर निघावे आणि रात्री उशिरापर्यंत चालावे, असा काफिल्याचा दिनक्रम असे. उंट हाकणारी माणसे चालता चालता उंटांच्या गळलेल्या केसांचे सूत कातीत आणि पायमोजे विणीत. विणण्याची ही कला त्यांनी रशियातील यादवी युद्धानंतर शिनच्यांगमध्ये आश्रयास आलेल्या रशियन सैनिकांकडून उचलली होती. कोठल्या युद्धाचा परिणाम कोठे दिसेल, हे सांगता येत नाही.

ओवेन या माणसांबरोबरच राहिले, त्यांच्यासोबत चालले आणि त्यांचेच अन्न जेवले. मुख्य म्हणजे, ते त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकत होते. त्यामुळे काफिल्याचे कायदे, श्रद्धा आणि देणीघेणी त्यांना समजली. सुमारे अडीच हजार किलोमीटरची ही वाट तुडवून 1927 च्या आरंभी ते शिनच्यांगमधील गुचेंग येथे पोहोचले आणि तेथून प्रांताची राजधानी उरुमची येथे गेले.

इकडे पेकिंगमध्ये एलिनॉर वाट पाहत होत्या. वाळवंटात टपालाची सोय नव्हती. कित्येक आठवडे पतीचे कुशल कळण्याचा कोणताच मार्ग नसे. प्रवासाच्या कथांमध्ये चालणाऱ्याचे कष्ट आपल्याला दिसतात. मागे थांबणाऱ्याचे कष्ट सहसा दिसत नाहीत. अखेर उरुमचीहून बिनतारी संदेश आला आणि एलिनॉर निघाल्या.

बर्फावरील एकाकी प्रवास

मांचुरियामार्गे सायबेरिया आणि तेथून दक्षिणेला सेमिपालातिन्स्क (आजच्या कझाकस्तानातील सेमेय) हा त्यांचा आगगाडीचा मार्ग होता. सेमिपालातिन्स्क येथे ओवेन भेटतील, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु ओवेन तेथे नव्हते. ते सीमेपलीकडे चुगुचाक (आजचे ताचेंग) या गावी अडकले होते. सोव्हिएत हद्दीत प्रवेश करण्याची परवानगी त्यांना मिळाली नव्हती.

आता एलिनॉर यांच्यापुढे दोनच मार्ग होते. आल्या वाटेने परत फिरावे, अथवा एकटीने पुढे जावे. त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी महिना होता. सगळा मुलूख बर्फाने झाकलेला होता आणि तापमान शून्याच्या कितीतरी खाली होते. सीमेपर्यंत सुमारे 640 किलोमीटर अंतर होते आणि ते घोड्यांच्या घसरगाडीतून कापायचे होते. अनोळखी भाषा, अनोळखी गाडीवान आणि रात्रीच्या मुक्कामाला मिळेल ते छप्पर, अशा स्थितीत त्यांनी हा प्रवास पुरा केला. सीमेपलीकडे दोघांची भेट झाली.

या प्रवासात एलिनॉर यांना मदत करणारी माणसे कोणी मोठे अधिकारी नव्हते. गाडीवान, वाटेवरील घरांतील बायका, चहाचे पाणी तापवून देणारी कुटुंबे अशी ती साधी माणसे होती. एलिनॉर यांनी आपल्या आप्तांना लिहिलेल्या पत्रांतून या प्रवासाचे वर्णन केले. त्या पत्रांचेच पुढे 1934 साली ‘तुर्कस्तान रियुनियन’ हे पुस्तक झाले. ‘रियुनियन’ म्हणजे पुनर्भेट.

सोबतीचा प्रवास

यानंतर वसंतापासून शरदापर्यंत दोघांनी शिनच्यांगचा मोठा भाग एकत्र पाहिला. कधी गाडीने, कधी घोड्यावरून ते उरुमची, तुर्फान, इली नदीचे खोरे, अक्सू, काशगर आणि यारकंद असे फिरले.

तुर्फानचा प्रदेश समुद्रसपाटीपेक्षाही खोल आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही; तरीही द्राक्षांचे मळे बहरतात. याचे कारण म्हणजे ‘कारेझ’. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यांतून, केवळ उताराच्या आधारे, शेतापर्यंत आणले जाते. जमिनीखाली असल्यामुळे ते उन्हाने आटत नाही. अशा प्रकारची रचना भारतातही आहे. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरची कुंडी भंडारा, कर्नाटकातील बीदरचे कारेझ आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील नहरी ही त्याच कुळातील उदाहरणे होत.

इलीच्या हिरव्या खोऱ्यातून दक्षिणेला येण्यासाठी त्यांनी तिएनशान पर्वतातील मुझार्ट ही हिमाच्छादित खिंड ओलांडली. पलीकडचा मुलूख अगदीच निराळा होता. उत्तरेस गवताळ कुरणे आणि फिरस्ते पशुपालक. दक्षिणेस वाळवंटाच्या कडेने वसलेली मरूद्याने, बाजारपेठा आणि शेती करणारे तुर्की भाषिक उइगुर लोक. चिनी भाषा अधिकाऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलताना उपयोगी पडे. पण खेड्यात गेल्यावर तीही परकीच ठरे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. त्या काळी चीनमध्ये अमेरिकन नागरिकांना विशेष अधिकार होते. चिनी न्यायालयांत त्यांच्यावर खटला चालविता येत नसे. लॅटिमोर दांपत्याला ज्या वाटा खुल्या झाल्या, त्या एखाद्या गरीब चिनी किंवा उइगुर माणसाला तितक्या सहज खुल्या होत नसत. प्रवासवर्णन वाचताना प्रवाशाच्या धैर्याबरोबरच त्याला मिळालेल्या सवलतींचाही विचार करावा.

काराकोरमची वाट

यारकंदहून लेहपर्यंतची वाट जगातील सर्वांत कठीण व्यापारी वाटांपैकी एक होती. तिच्यावर एकामागून एक उंच खिंडी लागत. त्यांपैकी काराकोरम खिंड सुमारे 5,500 मीटर उंचीवर आहे. तेथे हवा इतकी विरळ असते, की चार पावले चालताच धाप लागते. कित्येक दिवस गवताची काडीही दिसत नाही. त्यामुळे घोड्यांचा दाणा घोड्यांनाच वाहून न्यावा लागे. दाणा जास्त घेतला तर माल कमी आणि माल जास्त घेतला तर जनावर उपाशी. या हिशेबात चूक झाली, की जनावरे मरत. वाटेवर पडलेली त्यांची हाडे हीच पुढच्या प्रवाशांसाठी वाटेची खूण असे.

तरीही ही वाट शतकानुशतके चालू होती. यारकंदहून रेशीम, गालिचे आणि नमदे येत. भारतातून सुती कापड आणि मसाले जात. पंजाबमधील होशियारपूरचे व्यापारी लेहमध्ये पेढ्या थाटून बसत. भाड्याने घोडे देऊन माल पोहोचविणाऱ्यांना ‘किरायाकश’ म्हणत. या शब्दातील ‘किराया’ आपल्याला अनोळखी नाही. बाजार, सराई, नमदा हे शब्दही या वाटेवर दोन्ही टोकांना समजत. मालाबरोबर शब्दही प्रवास करतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

1927 च्या शरद ऋतूत ओवेन आणि एलिनॉर ही वाट ओलांडून लेह येथे आणि पुढे काश्मीरमध्ये पोहोचले. एक व्यापारी पेढी सोडून निघालेला तरुण आणि एकटीने बर्फाळ माळ ओलांडणारी त्याची पत्नी यांचा प्रवास भारतभूमीवर पूर्ण झाला.

ही वाट आज वाहती नाही. 1949 नंतर लेह-यारकंद व्यापार बंद पडला. मात्र लडाखमधील नुब्रा खोऱ्यात हुंदर येथे आजही दोन वशिंडांचे उंट दिसतात. ते या जुन्या काफिल्यांच्या उंटांचे वंशज होत. लेह येथील मध्य आशियाई संग्रहालयातही त्या व्यापाराच्या खुणा जतन केल्या आहेत.

पुन्हा एकदा दुरावा

या प्रवासावर ओवेन यांनी दोन पुस्तके लिहिली. पुढे हे दांपत्य पुन्हा पेकिंगला राहिले. ओवेन यांनी मंगोल भाषेचा अभ्यास केला आणि 1938 पासून ते अमेरिकेतील एका विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांचे ज्ञान सर्वांना उपयोगी वाटत होते. परंतु काळ बदलला. 1950 साली सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी ओवेन हे सोव्हिएत हेर असल्याचा आरोप केला. ज्या माणसाने परके देश जवळून जाणले, त्याचे जाणणेच संशयास्पद ठरविले गेले.

आरोप झाला तेव्हा ओवेन संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठी अफगाणिस्तानात होते आणि एलिनॉर अमेरिकेत. चोवीस वर्षांपूर्वीप्रमाणेच दोघे पुन्हा दूर होते आणि मध्ये पुन्हा आशिया खंड होता. या वेळीही एलिनॉर नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. पती परतण्यापूर्वीच त्यांनी बचावाची तयारी सुरू केली. चौकश्या आणि खटले पाच वर्षे चालले. अखेर 1955 साली ओवेन यांच्यावरील खटला रद्द झाला. 1963 साली हे दांपत्य इंग्लंडला गेले. तेथील लीड्स विद्यापीठात ओवेन चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक झाले. एलिनॉर यांचे 1970 साली आणि ओवेन यांचे 1989 साली निधन झाले.

काफिल्यातील शेवटच्या उंटाची घंटा तुम्हाला आठवत असेल. पुढे चालणाऱ्याला मागचे दिसत नसले, तरी ती वाजत असल्याचा त्याला भरवसा असे. लॅटिमोर दांपत्याचे सहजीवन काहीसे असेच होते.

आपण काय शिकलो?

• मध्य आशियातील प्रवास ऋतू, चारा, पाणी आणि राजकीय स्थिती यांवर अवलंबून असे.
• सीमा बंद झाल्या, की व्यापाराच्या वाटा बदलतात आणि कुटुंबेही दुरावतात.
• परक्या प्रदेशाचे खरे ज्ञान तेथील भाषा शिकल्याने आणि सामान्य माणसांच्या सहवासाने मिळते.
• औपचारिक पदवी नसली, तरी निरीक्षण आणि चिकाटी यांच्या बळावर विद्वत्ता मिळविता येते.

शब्दार्थ

काफिला – एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा व जनावरांचा तांडा
वशिंड – उंटाच्या किंवा बैलाच्या पाठीवरील उंचवटा
मरूद्यान – वाळवंटातील पाणी व झाडी असलेली जागा
नमदा – लोकर दाबून तयार केलेले जाड कापड
सराई – प्रवाशांच्या मुक्कामाची जागा
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून आपलेसे करणे

स्वाध्याय

1. ग्वेइह्वाच्या स्थानकावरील दृश्याने ओवेन यांच्या मनात कोणते प्रश्न निर्माण झाले?
2. काफिल्यांना आडवळणाची वाट का शोधावी लागली? दोन कारणे लिहा.
3. ‘मागे थांबणाऱ्याचे कष्ट सहसा दिसत नाहीत.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
4. तुमच्या परिचयातील एखादी व्यक्ती कामासाठी परगावी अथवा परदेशी राहत असेल, तर तेथील भाषा ती कशी शिकली, हे तिला विचारा आणि दहा ओळींत लिहा.